आईच्या तोंडाचं माप

"हे कोणाचं? त्या शिकाऊ पोरीचं का?" असं म्हणत दातांच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या मामांनी जबडा खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा ती ब्रश धूत होती. तिनं मान वर न करताच ओळखलं की तो जबडा आपला आहे. प्लास्टरचे वरचे आणि खालचे साचे जोडून ठेवणाऱ्या लोखंडी यंत्राला लॅबमध्ये सगळे नुसतं जबडाच म्हणत. मागं बिजागरी आणि समोर एक उभी दांडी. दात मिटले की ती दांडी खालच्या पट्टीवर टेकली पाहिजे. टेकली नाही तर दात उंच बसलेत असं समजायचं. मग ती कवळी लावणाऱ्याच्या ओठाला ओठ लागत नाही, बोलताना दात एकमेकांवर खटखटतात, आणि बिचारा चार दिवसांत कवळी काढून पेल्यात टाकतो. लॅबमध्ये नवीन कोणी आलं की पहिल्याच दिवशी ती त्याला हे शिकवायची. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण दांडी टेकली की नाही ते बघा, असं बजावून सांगायची. मामांनी खिशातून बसचं तिकीट काढलं आणि दांडी आणि पट्टी यांच्या मधून अलगद आरपार सरकवलं. "माझं आहे," ती म्हणाली. "तुझं?" मामा हसायलाच लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची चूक सापडल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. "तुझं, आणि दांडी हवेत? अगं, कोणाचा सूड उगवतेयस?" ते चेष्टेनं म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे वळलेसुद्धा. नाताळ तोंडावर आलेला. नाताळच्या आधी सगळ्यांनाच दात हवे असतात. फोटो काढायचे असतात, पाहुण्यांसमोर चावायचं असतं. कोणाला कोणाशी बोलायला वेळ नव्हता. ती ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली. नळ चालू होता. तो बंद करायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.

ती कवळी तिच्या आईची होती.

उन्हाळ्यात आईचे उरलेसुरले दात काढले. डॉक्टर म्हणाले, हिरड्या भरल्या की कवळी करू. ती म्हणाली, मीच करीन. तिनं स्वतःच्या हातानं आईच्या तोंडाचं माप घेतलं. मऊ गुलाबी मसाला तोंडात धरून आई डोळे वटारून तिच्याकडे बघत होती आणि बोलू शकत नव्हती. त्या वेळी तिच्या मनात एक फार स्वच्छ, थंड सुख उठलं होतं, ते तिला आता आठवलं. मसाला घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो. तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता. मग मेणात एकेक दात बसवला, उकळला, ओतला, घासला, चकचकीत केला. आईनं कवळी घातली, आरशात पाहिलं, दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला आणि काढून टाकली. हिरड्यांवरून घसरणाऱ्या त्या नव्या, ओल्या आवाजात म्हणाली, "बोलता येत नाही." तिला वाटलं, आईची नेहमीची किरकिर. तिनं ती परत आणली, मागून घासली, पुढून घासली. जिथं घासायला हवी तिथं मात्र एकदाही घासली नाही. दांडी बघायला सुद्धा तिला सुचलं नव्हतं. ज्या गोष्टीत तिला झोपेतही चूक करता आली नसती, ती चूक तिच्या हातानं बिनबोभाट करून ठेवली होती आणि तिला पत्ता लागू दिला नव्हता. स्वतःचा हात असा परका वाटण्याचा तिचा हा पहिलाच अनुभव. तिनं तो हात नळाखाली धरला आणि बघत राहिली. नखांत गुलाबी भुकटी अडकली होती.

आईच्या जिभेला हाड नव्हतं हे तर जगजाहीर होतं. पण ती जीभ कापत असे ती दातांच्या जोरावर. प्रत्येक अक्षर सुटं, टोकदार, भाजी चिरल्यासारखं. बाबांनी म्हातारपणी कानाचं यंत्र घ्यायला नकार दिला तो उगीच नाही. शेजारणी जिन्यात भेटल्या तर आईला आधी वाट द्यायच्या, मग आपण चढायच्या. तिला स्वतःला आईनं काय काय म्हटलं होतं ते ती आता आठवतही नसे. रोजचा पाऊस कोण मोजतं? पण ताईला जे म्हटलं ते तिच्या कानात तसंच होतं. ताईचं बाळ गेलं त्या वर्षीचा नाताळ. पोटातच गेलं, सातव्या महिन्यात. ताई आणि तिचा नवरा जेवायला आलेले. ताई सबंध जेवणात एक अक्षर बोलली नव्हती. नुसती पाव कुस्करून ताटाच्या कडेला ठेवत होती. आणि आई त्या पावाकडे बघून म्हणाली, "अन्नाची नासाडी करायची सवयच आहे तुझी. पोटात राहिलेलंही तुला सांभाळता आलं नाही." कोणी काटा खाली ठेवल्याचा आवाज झाला. ताई उठली, कोट घातला, गेली. त्यानंतर ती या घरात आली नाही. बाबांच्या वेळीसुद्धा परस्पर दफनभूमीवर आली आणि तिथूनच परतली.

आणि मग हा उन्हाळा. दात गेले आणि घरात एक वेगळीच बाई राहायला आली. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे निघालेली, ओठ सारखे काहीतरी चोखत असल्यासारखे. आई बोलायची तेच बोलायची बहुधा, पण शब्दांच्या कडा झडून गेल्या होत्या. शिवीसुद्धा कुरवाळल्यासारखी यायची. थोड्या दिवसांनी ती बोलायचीच कमी झाली. "किती गोड दिसतात हो तुमच्या आई आता," असं जिन्यातली शेजारीण म्हणाली, आणि तिनंही हसून मान डोलावली. संध्याकाळी कामावरून आल्यावर दार उघडण्याआधी जिन्यात थांबून राहायची तिची सवय सुटली. ती आईला सूप भरवायची, पाव दुधात भिजवून द्यायची, हनुवटी पुसायची. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, काय गं सेवा करतेस आईची! आणि एका रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले असताना तिच्या लक्षात आलं की आपण देवाचे आभार मानतोय. कशाबद्दल, ते तिनं पुढं म्हटलं नाही. घाईनं आमेन म्हणून उठली.

त्यातच ताईचा फोन आला. आधी तिच्याशी बोलली, मग म्हणाली, दे आईला. आईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, आणि काहीतरी पुटपुटली, खूप वेळ, ओलं ओलं. ताईनं परत तिला मागितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. "किती मऊ बोलते गं आता. मला निम्मं कळलं नाही, पण... मी नाताळला येते. जेवायला." ताई येते म्हणाली! तिनं स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण सगळी कपाटं उघडली आणि बंद केली. ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. तिची वेणी ताईनं घातलेली, तिचा अभ्यास ताईनं घेतलेला, अंधारात संडासला जाताना बाहेर गाणं म्हणत ताई उभी राहिलेली. तिला जगात कोणी एक माणूस परत हवं असेल तर ते ताई. फोन ठेवल्यावर आईनं तिची बाही धरली आणि तोंडाकडे बोट दाखवलं. "नीट कर," आई म्हणाली. "थोरलीशी बोलायचंय." काय बोलायचंय हे तिनं विचारलं नाही. विचारण्याचा धीर झाला नाही. बघते, म्हणाली. आणि तिसऱ्यांदा ती कवळी पिशवीत घालून लॅबमध्ये घेऊन गेली, साच्यांवर चढवली, जबड्यात बसवली आणि तशीच फळीवर ठेवून दिली. खूप काम आहे, नाताळनंतर बघू. मामांना ती फळीवरची धूळ झटकायची बुद्धी झाली नसती, तर तसंच झालं असतं.

मामांनी खुशाल फळी झटकली होती, आणि आता ते बघितलेलं न बघितल्यासारखं करायची सोय राहिली नव्हती. दुपारी सगळे डबे खायला गेले तेव्हा ती जबडा पुढ्यात घेऊन बसली. फार अवघड काम नव्हतं. खालचे दात सोडवायचे, उंची उतरवायची, परत बसवायचे, परत ओतायचं. मनात आणलं तर उद्यापर्यंत होतं. आणि मनात आणलं नाही तर त्याहून सोपं. एक नाताळ. एक जेवण. आई टेबलाच्या टोकाला बसून ओठ चोखत हसल्यासारखी बसेल, ताई तिच्या खांद्यावर शाल घालील, कोणाचं काही बिघडणार नाही. दात काय, जानेवारीतही होतील. तेवढ्यात ताईचं येणं-जाणं सुरू झालेलं असेल, आणि एकदा माणूस यायला लागलं की एखादा शब्द सोसतंसुद्धा. ती स्वतःला हे फार समजूतदारपणे सांगत होती. पण मध्येच तिला पाळकसाहेब आठवले. त्यांना हल्ली दम लागायचा, म्हणून ते छोटी वाक्यं बोलायचे. नाताळच्या आधीच्या रविवारांपैकी एकात त्यांनी वेदीवरून सांगितलं होतं की गोड माणसावर प्रीती करायला प्रभू कशाला लागतो? ती कोणीही करतं. आपल्या घरात एक जड माणूस असतं. ओळखा त्याला. नाताळच्या आत त्याच्यासाठी एक काम करा. आणि केल्याचं कोणाला सांगू नका. दरवर्षी ते हेच सांगत, आणि दरवर्षी बाकांवरची निम्मी मंडळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपापल्या शेजारी बघून घेई. कोणाचा नवरा, कोणाची सासू. या वर्षी शेजारी बसलेल्या आईनं तिला कोपर मारून विचारलं होतं, "तुझं कोण गं जड?" ती म्हणाली, "कोणी नाही." आईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग गीताचं पान उलटलं. आणि तिला मनातून वाटत होतं की आपलं काम तर झालंय. आपण आपल्या हातानं तिचे दात केलेत, सुट्टीच्या दिवशी, उरलेल्या वेळात, कोणाला न सांगता. तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. आता तो अभिमान पुढ्यात लोखंडी जबड्यात उघडा पडला होता. आपण तिच्यासाठी दात केले नव्हते. आपण तिच्या तोंडाला कुलूप केलं होतं आणि त्यावर प्रीतीची पॉलिश मारली होती.

पण मग तिच्यावर प्रीती करायची तरी कशी? असं तिनं जवळजवळ मोठ्यानं विचारलं. दात नसलेल्या म्हातारीवर आपलं प्रेम बसलं होतं की! खरंच बसलं होतं. हनुवटी पुसताना हाताला माया यायची. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ती बाई आई नव्हती. आईला बाहेर काढून तिच्या जागी बसवलेली कोणीतरी होती, आणि आई आत, गालांच्या मागं, तोंड दाबून धरल्यासारखी बसून होती. तिला एकदम लहानपणचा ताप आठवला. महिनाभर चाललेला, डोळ्यांसमोर भिंती हलवणारा. आई उशाशी. आणि आईचं तोंड एक क्षण बंद नाही. "मर मेले, एकदाची मर, जागरणं करून माझा जीव घेणार आहेस, पी पाणी, पी म्हणते ना, कार्टे, मी काय तुझी नोकर आहे," आणि थंड पट्टी कपाळावर, आणि पुन्हा शिव्या, आणि पुन्हा पट्टी. ताप चढायचा तेव्हा तो आवाज दूर जायचा, आणि आवाज दूर गेला की तिला भीती वाटायची. मग ती मुद्दाम पाणी सांडायची, की आई ओरडेल. एकदा आई गप्प बसली होती, रात्रभर. त्या रात्री डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं असणार. त्या शांततेइतकं भयंकर तिनं पुढं काही अनुभवलं नाही. हे आठवून आईबद्दल एकदम मन भरून आलं, असं काही झालं नाही. उलट तिला राग आला. कारण आता दुसरं काही करता येत नव्हतं. तिनं दिवा पेटवला, सुरी तापवली आणि पहिला दात सोडवला.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी दांडी टेकली. मामांना तिनं दाखवलं नाही. घरी येऊन आईसमोर खुर्ची ओढून बसली, म्हणाली, आ कर. कवळी बसली. ओठाला ओठ लागला. आणि आत गेलेले गाल भरून आले, हनुवटी आपल्या जागी गेली, आणि उन्हाळ्यापासून जो चेहरा बघितला नव्हता तो तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू वर आला. तिची मान आपोआप खाली गेली. आईनं दात दोनदा मिटून पाहिले. मग म्हणाली, "पडदे धुतले नाहीस." अक्षरन् अक्षर सुटं. ती म्हणाली, "उद्या ताई यायच्या आधी इस्त्रीचे दुसरे लावते." आई म्हणाली, "नको. तिला कुठं पडदे बघायचेत." आणि मग संध्याकाळभर आई खिडकीत बसून राहिली. तिचे ओठ हलत होते. ती एकटीच काहीतरी म्हणून बघत होती, पुन्हा पुन्हा, पाठांतर केल्यासारखं. लेक दाराआडून ऐकायला गेली की आई थांबायची.

ताई सकाळच्या उपासनेनंतर आली. केस पांढरे, तरी चालण्याची ढब तीच. दारातच तिनं धाकटीला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बोटं अजून मेणकटच आहेत गं तुझी." मग आत आली. आई टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती. ताईनं तिच्या खांद्यावर नवी शाल घातली, वाकून गालाला गाल लावला, आणि मागं होताना क्षणभर थबकली. तिला तो चेहरा दिसला होता. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी बशा मांडत होती. प्रार्थना झाली. जेवण सुरू झालं. ताई काहीबाही बोलत होती, रस्त्याबद्दल, थंडीबद्दल, गावी गेलेल्या नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल. आईनं एक घास चावला, गिळला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. धाकटीला वाटलं, आता. प्रभू, आता नको, किंवा आता होऊ दे. तिला स्वतःलाच कळेना आपण काय मागतोय. आणि आई म्हणाली, "मी मुकी झाले असं कळल्यावर आलीस. मेले असते तर धावतच आली असतीस."

ताईनं हातातला पेला खाली ठेवला. ती रडली नाही, चिडली नाही. कुठल्या तरी ओळखीच्या दुकानात पुन्हा तेच उत्तर मिळावं तशी थोडीशी हसली. रुमालाची नीट घडी घातली आणि उठली. धाकटी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली. ताई बूट घालत होती. "तू केलेस ते दात?"

"हो."

"असं होणार हे तुला माहीत होतं."

"हो."

"मग का गं?"

सांगण्यासारखं खूप काही होतं आणि त्यातलं काहीच ताईला पुरलं नसतं. "तिचं तोंड आहे, ताई," एवढंच ती म्हणाली.

ताईनं बुटाची नाडी बांधून पूर्ण केली. उठून धाकटीच्या गालावर हात ठेवला. तो हात गार होता. "तुझं देव भलं करो," ती म्हणाली. "मला नाही गं एवढं जमत." आणि जिना उतरून गेली. तिची पावलं खाली गेली, खालचं दार लागलं. धाकटी उघड्या दारात उभी राहिली. आईचा तिला इतका द्वेष वाटला की दाराची चौकट धरावी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तो असा सबंध, मोकळा, लाज न वाटता वाटला. आपण तिला दात दिले आणि तिनं त्या दातांनी पहिलं काय केलं? आपलं जे एकुलतं एक होतं ते तोडलं. आत जाऊन ती कवळी तिच्या तोंडातून उपसून खिडकीबाहेर फेकावी. असं ती खरंच करणार होती. ती आत गेली ती त्याच्याचसाठी.

आई तशीच बसली होती. शाल एका खांद्यावरून घसरली होती. "गेली?"

"गेली."

आई ताटाकडे बघत होती. "मला हे नव्हतं बोलायचं."

धाकटी तिच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"काल सबंध संध्याकाळ मी ते म्हणून बघत होते. नीट येत होतं. स्वच्छ येत होतं." आईची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती. "ती समोर बसली, आणि दुसरंच आलं. तोंडात तेच आधी येतं गं. मी काय करू?" मग तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि कवळी ओढायला लागली. "काढ हे. काढून टाक. नकोत मला."

धाकटीनं तिचं मनगट धरलं. ज्या कामासाठी ती आत आली होती तेच आई स्वतः करत होती, आणि ती ते करू देत नव्हती. हाडं हाताला लागत होती. द्वेष कुठं गेला नव्हता, छातीत होता तसाच होता. पण हात मनगट सोडत नव्हता, आणि या वेळी तो तिला परका वाटला नाही. "नाही काढायचे," ती म्हणाली. "काय म्हणून बघत होतीस?"

आईनं बोटं तोंडातून काढली. ताईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मग म्हणाली, "बाळ गेलं तेव्हा मी तुला जवळ घ्यायला हवं होतं. माझं चुकलं." प्रत्येक अक्षर लख्ख होतं. एकही घसरलं नाही.

असं वाक्य या घरात कधी कोणी ऐकलं नव्हतं, आणि ते ज्या कानांसाठी होतं ते एव्हाना बसथांब्यावर पोचले असणार. धाकटी रडायला लागली. आईसाठी की ताईसाठी की स्वतःसाठी, तिला सांगता आलं नसतं. तिनं फोन टेबलावर ओढला, ताईचा नंबर लावला आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला. वाजत असल्याचा आवाज तिलाही ऐकू येत होता. ताई घरी पोचलेली नसणार. पोचली तरी आज उचलायची नाही. हे दोघींनाही कळत होतं. आईनं ओठ मिटून घेतले, पाठ ताठ केली आणि रिसीव्हर कानाशी धरून बसली. वाजून वाजून रिंग बंद झाली.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

तिनं आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली, आणि पुन्हा लावला.